आपाच्या गोगलगायी आणि माझं मीठ

आपा, तुझी छत्री अजून नर्सरीत खिळ्याला लटकते आहे. तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. काल नवऱ्याने ती काढून आत ठेवली, तर मी पुन्हा आणून टांगली आणि त्याच्यावर उगाच डाफरले.  तू गेल्यापासून माझ्या तोंडाला जरा जास्तच धार आली आहे, आणि मला गप्प बसवणारी तू एकटीच होतीस.

लोक विचारतात, तुमचं नातं काय होतं. करावे गावातली आगरी बाई आणि म्हसळ्याकडची कोकणी मुसलमान बाई, यांचं एकमेकींशी काय देणंघेणं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी सांगते, गिऱ्हाईक होती. ते खोटं नाही. लोकल गाडी नुकती बेलापूरपर्यंत यायला लागली होती, त्या वर्षी तू कढीपत्त्याचं रोप मागायला आलीस. मी दिलेलं रोप तू पिशवीतून अर्धं उपसलंस, मुळं बघितलीस, माती बोटांत चोळून नाकाशी नेलीस आणि म्हणालीस, "ह्या मातीत एक गांडूळ नाय. झाड देतेस का काडी देतेस?" चार गिऱ्हाइकांसमोर माझा असा उद्धार कोणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी तू डब्यात शेणखत आणि ओंजळभर गांडुळं घेऊन हजर. तिसऱ्या दिवशीही आलीस, आणि मग येतच राहिलीस. मी तुम्ही-तुम्ही करत होते, तर म्हणालीस, "आपा बोलतेस ना? मग बहिनीला तुमी कोन बोलतं?" त्या दिवसापासून तू 'तू' झालीस.

तुझे मिस्टर नायजेरियात शाळेत गणित शिकवायचे. ओशोग्बो हे त्या गावाचं नाव. तिथे तू तेरा वर्षं काढलीस आणि ते गेल्यावर नेरूळच्या फ्लॅटमध्ये एकटी येऊन राहिलीस. "ते शालेत शिकवायचे, मी अंगनात शिकली," असं तू म्हणायचीस. अंगणात शिकवणारी होती तुझी शेजारीण, मामा फोलाके. तिकडे मामा म्हणजे आई. मी तिला कधी पाहिलं नाही, फोटोही तुझ्याकडे नव्हता, पण ती मला आमच्या गावातल्या कुठल्याही म्हातारीइतकी ओळखीची आहे. पांढरं नेसणारी, पांढरे मणी घालणारी, मीठ न खाणारी. तिच्या तोंडी तू इतकी वाक्यं घातलीस की त्यातली निम्मी तुझीच असावीत असा मला संशय होता.

मामा फोलाके योरुबा. त्यांच्यात माणसाचं शरीर मातीतून घडवणारा एक देव आहे, ओबाताला. तो पांढऱ्या कपड्यांतला, शांत, थंड डोक्याचा. सगळ्या जनावरांत त्याला गोगलगाय प्रिय. ती कुणाच्या अंगावर धावत नाही, घाई करत नाही, आपलं घर पाठीवर घेऊन हिंडते. तिच्या शंखातून जे पाणी निघतं ते त्यांच्यात गारव्याचं मानतात. घरात भांडण झालं, कुणाचं डोकं तापलं, कुणाला दुःख सोसेना झालं, की ते पाणी लावतात. आणि ओबातालाच्या जेवणात मीठ घालत नाहीत. मान एकट्या गोगलगायीलाच नव्हे. मामा फोलाके चुलीवरचं गरम पाणी अंगणात ओतायच्या आधी जमिनीला सांगायची, की आत जे कोण असतील त्यांनी बाजूला व्हावं. गांडूळ मातीत शिरतं ते आधी तिला नमस्कार करून, म्हणून ती त्याला वाट देते, असं ती मानायची. मित्राला फसवलं तर ती फसवणूक जमिनीलाही लागते, कारण दोस्तीला जमीन साक्षी असते, असंही तिनेच तुला सांगितलं होतं. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी झेंडूचे वाफे करत होते आणि नेहमीसारखं अर्ध्या कानाने ऐकत होते.

मी म्हणायचे, "वारूळ आमी पन पुजतो. नागपंचमीला जमीन खनत नाय. त्यात काय नवीन सांगतेस?" तू म्हणायचीस, "तुमी एक दिवस खनत नाय. ती रोज विचारून खनायची." आणि मी "पन तू तर नमाजी बाई, तू हे मानतेस?" असं विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं. "मानते मी अल्लाला. पन ज्याच्या जमिनीवर तेरा वर्सं राहिली, त्याच्या घरची रीत पाळायला माझं काय जातं?"

रीत पाळायला तुझं काही जात नव्हतं, माझं जात होतं. इथे आपलं भांडण सुरू व्हायचं.

नर्सरी म्हणजे तरी काय. सरकारने नव्या मुंबईसाठी शेतं घेतली, मिठागरं घेतली, त्यातून खाडीच्या कडेला उरलेली आमची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर माझं घर चाललं होतं, कारण नवऱ्याच्या रबाळ्याच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. आणि दर पावसाळ्यात त्या मोठ्या शंखी गोगलगायी यायच्या. मुठीएवढ्या, तपकिरी. संध्याकाळी निघायच्या आणि सकाळी वाफ्यात नुसते देठ राहायचे. दुसऱ्या कुठल्याही नर्सरीवाल्याने मीठ मारलं असतं. आमच्याकडे तर मीठ म्हणजे घरचं. बाप मिठागरात राबला, आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची. आम्ही मिठाने दृष्ट काढतो, माडाच्या बुंध्यात मीठ घालतो. आणि तू एक म्हातारी रोज सकाळी वाकून वाकून त्या गोगलगायी बादलीत गोळा करायचीस, खाडीकडच्या भिंतीजवळ भेंडीच्या जुन्या मोठ्या झाडाखाली नेऊन ठेवायचीस आणि वर त्यांना पपईची पानं घालायचीस. पाहुणचार.

"तिकडच्या याच्याहून मोठ्या," तू कौतुकाने सांगायचीस. "वाघासारखे पट्टे. ह्या पन आफ्रिकेच्याच. मी आली तशा त्या पन आल्या."

"तू आलीस ती तिकीट काढून," मी म्हणायचे. "आनि देवाला वाहतात म्हनजे तिकडचे लोक पन मारतातच ना? मग मी मारली तर काय झालं?"

"ते मागून घेतात गो. तू रागानं मारशील. रागानं मारलेली त्याला चालत नाय."

हा वाद आपण चार पावसाळे घातला. कोणी जिंकलं नाही. मला मनातून मजा यायची, हे आता कबूल करते. तुझ्याशी वाद घातल्याशिवाय सकाळचा चहा चढायचा नाही. डॉक्टरने तुझं मीठ तोडलं तेव्हा मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसले होते. "घे, ओबातालानं तुला पन आपल्यात घेतली." तू अळणी भाजीचा डबा उघडून माझ्यापुढे धरलास आणि म्हणालीस, "खाऊन बघ, मग हस." मी खाल्ली. ती कशी लागली ते मी तुला कधी सांगितलं नाही. वाईट नव्हती.

पण यंदाच्या श्रावणात मला हसू येत नव्हतं. एका नव्या सोसायटीच्या बागेची मोठी ऑर्डर होती. कारखाना बंद झाल्यापासून मिळालेलं पहिलं धड काम. दोन वाफे मी जिवापाड जपून वाढवले होते. सप्तमीच्या सकाळी बघितलं, तर एक वाफा अर्धा साफ. मी रडकुंडीला आले. तू बादली घेऊन आलीस, वाफ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "त्यांचा पन हक हाय गो ह्या मातीवर. तुज्या आधी किडामुंगी होती हितं."

आपा, तू ते प्रेमानेच म्हणालीस. पण मला ते कुठे लागलं हे तुला कळलं का, मला माहीत नाही. हक्क. आमच्या सात-बारावरची नावं एका सहीने पुसली गेली, तेव्हा आमच्या हक्काचं कोणी नाव काढलं नाही. आणि आता गोगलगायीला हक्क. मी म्हणाले, "तिला सात-बारा आनून दे मग," आणि तू हसलीस. मी हसले नाही.

त्या संध्याकाळी तू घरी गेल्यावर मी जाड्या मिठाची गोण उघडली. वाफ्यात टाकलं असतं तर निदान म्हणता आलं असतं की रोपं वाचवली. मी वाफ्याकडे गेलेच नाही. सरळ भेंडीखाली गेले. त्या नुकत्या बाहेर निघत होत्या, शिंगं काढून. मी पाटीने मीठ ओतलं. त्यांच्या अंगातून जो फेस निघाला आणि जो बारीकसा आवाज झाला, तो मी मिठागरात वाढलेली बाई असून कधी ऐकला नव्हता. पाटी टाकून मी घरी पळाले. रागाने मारलेलं देवाला चालत नाही म्हणालीस ना, ते मी रागानेच मारलं होतं.

सकाळी मी लवकर जाऊन सगळं झाडून टाकणार होते. पण तू माझ्या आधी आली होतीस. भेंडीखाली ओणवी बसली होतीस, रिकामी बादली बाजूला. मातीवर पांढरे डाग होते. तू वर बघितलंस आणि विचारलंस, "मालू, काय झालं गो हितं?"

आणि मी म्हणाले, "उधान आला. रातच्याला खाडीचं पानी शिरलं भिंतीवरून. खारं पानी लागलं त्यांना."

माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलले ते. त्या दिवशी गोकुळाष्टमी. माझा उपास होता, गावात हंडीचे दोर बांधायला सुरुवात झाली होती, लाउडस्पीकर वाजत होता. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेला. अष्टमीला भांग असतो, पाणी नुसतं सुस्त पडून असतं. अष्टमीला उधाण आलं म्हणणं म्हणजे भर दुपारी चांदणं पडलं म्हणण्यासारखं. आणि ते मी कुणाला सांगत होते, तर समुद्राकाठी जन्मलेल्या बाईला.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग विचारलंस, "कवढं वर आलं?"

मी हात गुडघ्याला लावून दाखवला. आता हे लिहिताना मला माझ्या त्या हाताची लाज वाटते.

"मग बांध घालायला पायजे," तू म्हणालीस. "पुन्यांदा येईल."

मी सुटले. मला वाटलं, तेरा वर्षं समुद्रापासून लांब राहून ही भरती-ओहोटी विसरली. मनातल्या मनात मी तुझ्या ओशोग्बोचे आभार मानले. तुझी कीवही आली थोडी, खरं सांगते.

त्याच दुपारी आपण बांधाला हात घातला. भिंतीच्या आतून मातीचा हातभर उंच बांध, भेंडीपासून सुरू करून. मी माती खणायची, पाट्या भरायच्या, तू थापायचीस. निम्म्या पाट्या तूही उचलायचीस, मी ओरडले तरी. खणायच्या आधी दरवेळी तू वाकून जमिनीला हात लावायचीस आणि ओठांत काहीतरी पुटपुटायचीस. गांडूळ निघालं की ते अलगद उचलून मागे सोडायचीस. काम संपत आलं की कपाळ पुसत विचारायचीस, "आज भरती किती वाजता हाय गो?" मी वेळ सांगायचे. अचूक सांगायचे, कारण खोटं बोलणाऱ्याला बाकी सगळं खरं बोलायची फार हौस असते. तू थोडा वेळ थांबायचीस, जसं काही मी आणखी काही बोलणार आहे. मी पाटी उचलायचे.

पिठोरी अमावास्येला खरोखरचं उधाण आलं. तू मला हाताला धरून भिंतीपाशी नेलंस. आपण दोघी वाकून बघत होतो. तिवरांच्या मुळांत पाणी चढलं, चढलं आणि भिंतीच्या कितीतरी खाली थांबून परत फिरलं. अमावास्येला जे पाणी भिंतीला शिवलं नाही, ते अष्टमीला गुडघाभर आलं होतं म्हणे.

"आज नाय आलं वाटतं," तू म्हणालीस.

"वारा नव्हता," मी म्हणाले.

तू मान हलवलीस. तोंडात पदर धरला होतास. मला वाटलं, तुला पाण्याची भीती वाटते आहे.

गणपतीत तू घरी आलीस, उकडीचे मोदक खाल्लेस, आणि डॉक्टरने गोड तोडलेलं नाही हे तीनदा सांगून आणखी दोन घेतलेस. नवऱ्याने तुला विचारलं, बांध कुठवर आला. तू म्हणालीस, "होतोय सावकास." खरं म्हणजे तोवर तो व्हायला हवा होता. खाडीची बाजू सतरा पावलांची, ती कधीच भरली होती. पण तू म्हणालीस, वळवून पुढे न्यायला हवा, पाणी बाजूने शिरेल. आणखी चार पावलं. मग आणखी चार. मग शेडच्या मागून रस्त्याच्या अंगाला. एकदा तर आदल्या दिवशी घातलेला तुकडा तू पायाने पाडलास, नीट बसला नाही म्हणून, आणि मला तो पुन्हा घालायला लावलास. मी वैतागले. ऑर्डरची रोपं पिशव्यांत भरायची सोडून मी एका न आलेल्या पाण्यासाठी चिखल तुडवत होते. नवरा म्हणाला, "आपांना जरा भ्रम झालाय काय?" मी त्याला गप्प केलं. भ्रम कुणी घातला ते मला ठाऊक होतं.

त्या रस्त्याकडच्या तुकड्यावर बसून एका दुपारी तू मला ते सांगितलंस. मुलगा मस्कतला आहे हे मला माहीत होतं. त्याच्या आधीची मुलगी माहीत नव्हती. ओशोग्बोला झालेली, अकरा महिन्यांची, तापाने दोन दिवसांत गेलेली. त्यानंतर तू तिथे माणसांशी बोलायची थांबलीस. रडलीही नाहीस, नुसती पेटत राहिलीस. मिस्टरांच्या अंगावर भांडं फेकलंस. देवाला नाही नाही ते बोललीस. मग एक दिवस मामा फोलाके न विचारता घरात आली, पाटावर बसली, गोगलगायीच्या शंखाचं टोक फोडलं आणि ते पाणी तुझ्या टाळूवर सोडलं. थेंब थेंब, सावकाश. तिने दुसरं काहीच केलं नाही. तू म्हणालीस, "देव त्यांचा, मी त्याला काय मागितलं नाय. पन डोकं थंड झालं गो मालू. त्या दिवशी पयल्यांदा झोपली."

म्हणून तू त्यांना पपईची पानं घालत होतीस. चार पावसाळे मी तुला त्यावरून चिडवलं, आणि तू एकदाही हे पुढे केलं नाहीस. वादात ते वापरलं असतंस तर मी त्याच दिवशी हरले असते.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तू एवढं आपलं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं होतंस. जीभ उचललीही होती मी. पण मी म्हणाले, "चल, ऊन उतरलं, पाट्या भरू." तू म्हणालीस, "चल."

अनंत चतुर्दशीला आपण काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आली नाहीस. दहा वाजता मी तुझ्या बिल्डिंगमध्ये गेले, तर खालीच बायका उभ्या होत्या. फजरची नमाज झाल्यावर तू पुन्हा आडवी झालीस आणि उठली नाहीस, असं शेजारणीने सांगितलं. हार्ट. मी जिन्यातच बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि ती दुःख नव्हती, भीती होती. एकवीस दिवस हिने माझ्या खोट्यासाठी माती वाहिली.

तुला नेलं तेव्हा मी इतर बायकांबरोबर वरच राहिले. कबरीपर्यंत बायका जात नाहीत, तिथे पुरुष गेले. त्यात माझा नवराही होता, त्याने खांदा दिला. मला तेवढंही करता आलं नाही. इकडे आमच्यात आता पितृपंधरवडा चालू आहे. गेलेल्यांच्या आवडीचं रांधून वाढतात. तुझ्यासाठी काय वाढावं हे विचारायची सोय नाही, आणि तुला ते रुचेल की नाही हेही कळत नाही. काल मी भाजी मीठ न घालता केली आणि घरात कोणाला काही न सांगता पहिला घास बाजूला ठेवला. नवरा जेवला आणि म्हणाला, मीठ विसरलीस. मी म्हटलं, हो.

तुझी बहीण हलीमा गावाहून आली होती. परवा ती परत जायची होती, त्याआधी नर्सरी बघायची म्हणाली. चेहरा तुझाच, फक्त तुझ्याहून कमी बोलते. मी तिला वाफे दाखवले, तुझी छत्री दाखवली. भेंडीखाली नेलं. तिथून ती बांधाच्या कडेकडेने चालत निघाली, एकटीच. वळणापर्यंत गेली, वळली, शेडच्या मागे गेली, आणि बांध जिथे अर्धवट सोडला आहे तिथे जाऊन उभी राहिली. समोर रस्ता आणि रिक्षा स्टँड.

"ह्यो हिकडं कशाला आनलाय?" तिने विचारलं. "हितं पानी कुठून येतंय?"

मला तिच्यात तूच दिसलीस, आणि माझ्याने राहवलं नाही. मी तिथे रस्त्याच्या कडेला उभी राहून सगळं सांगितलं. मीठ, पाटी, फेस, उधाण, गुडघ्याला लावलेला हात. म्हणाले, "तुमची बहीन माज्या खोट्यापायी गेली. मना काय बोलायचं ते बोला."

 हलीमा खाली बसली, बांधावर हात ठेवून. मग म्हणाली, "तिचं हार्ट दहा वर्सांचं जुनं दुखनं होतं बाय. ते तू अंगाला लावून घेऊ नको. आनि बाकीचं तिला ठावं होतं."

"काय ठावं होतं?"

"समदं. त्याच जुम्म्याला फोनवर मना बोलली, हलीमा, मालू बोलते अष्टमीला उधान आला. एवढी हसली, मना वाटलं फोन पडंल हातातून. मी बोलली, मग तिला त्वांडावर इचार ना. तर बोलली, नको. मी धरली तर ती जन्मभर माज्यापुढं मान खाली घालून उभी राहील. तिचं ती बोलंल. बांध घालताव तवर रोज बाजूबाजूला असताव, कवातरी बोलंल."

मी विचारलं, "आनि बांध पुरा झाला असता तर?"

"ते मी पन इचारलं. गनपतीच्या आदीच्या फोनात. बोलली, पुरा झालाय गो. पन ती अजून बोलली नाय, म्हनून वाढवते."

हलीमाला गाडी गाठायची होती. ती गेल्यावर मी बांधाच्या त्या टोकाशी बराच वेळ बसून होते. मग उठले आणि पावलं मोजली. सतरा पावलं खाडीच्या बाजूने आहेत. पुढची बारा कोरड्या जमिनीवर आहेत, उंचावर, जिथे कधी पाणी आलं नाही आणि येणारही नाही. ती बारा पावलं तू माझ्यासाठी घातलीस, दुखऱ्या छातीने पाट्या उचलून, आणि मी शेजारी उभी राहून वैतागत होते.

त्या बारा पावलांत मी कुठेही बोलू शकले असते. आता बोलते, आपा. मीठ मीच टाकलं. पाणी आलंच नव्हतं.